पाय वाचवणाऱ्यांची वानवा

हृदय, मेंदू, डोळे यांच्यासाठी स्वतंत्र तज्ज्ञ असावेत, याविषयी कोणाचे दुमत नसते. दातांसाठी तर स्वतंत्र महाविद्यालये आहेत, स्वतंत्र पदवी आहे आणि त्या पदवीला प्रतिष्ठाही आहे. पाय मात्र या मानाच्या पंगतीत कधी बसलेच नाहीत. ‘पायीची वहाण पायीच बरी’ असे म्हणणाऱ्या समाजाने वहाणेला जी पायरी दाखवली, तीच थोड्याफार फरकाने पायालाही दाखवली. कुरूप झाले तर पाते घेऊन ते घरीच कापावे, टाचेला भेगा पडल्या तर कोकम तेल चोळावे, पावसाळ्यात चिखल्या झाल्या तर हळद लावावी आणि नख मांसात घुसले तर ते वाढू द्यावे, अशी एकूण रीत. या रीतीची खरी किंमत कळते ती मधुमेह झाल्यावर. तोवर बहुधा उशीर झालेला असतो.

ब्रिटनने ही किंमत बरीच आधी ओळखली. पायांच्या विकारांचा अभ्यास आणि उपचार यांना तेथे ‘पोडिॲट्री’ म्हणतात. मराठीत त्याला पादचिकित्सा म्हणता येईल. या विषयाची विद्यापीठीय पदवी, ती घेणाऱ्यांची सरकारमान्य नोंदणी आणि राष्ट्रीय आरोग्य सेवेत, म्हणजे ‘एनएचएस’मध्ये त्यांच्यासाठी ठरलेली पदे, अशी पूर्ण साखळी तेथे उभी आहे. तरीही या साखळीतील पहिलीच कडी, म्हणजे विद्यार्थी, गेल्या काही वर्षांत कमकुवत झाली. एक व्यवसाय नावारूपाला आणायला दीडशे वर्षे लागतात आणि अर्थसंकल्पातील एका निर्णयाने त्याचा पाया हलू शकतो, हा ब्रिटनचा अनुभव भारतासारख्या देशाने समजून घ्यावा असा आहे.

काय शिकतात?

पोडिॲट्री म्हणजे सौंदर्य प्रसाधनगृहातील ‘पेडिक्युअर’ नव्हे, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. एका पायाच्या पावलात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. त्यांना बांधून ठेवणारे स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध यांची संख्या शंभराहून अधिक भरते. शरीराचा सारा भार सोसणारी ही रचना चालताना, धावताना, जिना चढताना कशी वागते, याचा अभ्यास हा या विद्येचा गाभा.

इंग्लंडमध्ये ही पदवी तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये साधारणपणे चार वर्षांची असते. हडर्सफील्ड, प्लायमथ, नॉर्थॅम्प्टन, ग्लासगो कॅलेडोनियन, कार्डिफ मेट्रोपॉलिटन, अल्स्टर आदी विद्यापीठांनी हा अभ्यासक्रम चालवला आहे. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि पावलाची गतिशास्त्रीय मांडणी यांवर भर असतो. त्यानंतर त्वचारोग, रक्ताभिसरणाचे विकार, औषधशास्त्र, संधिवात, क्रीडादुखापती, लहान मुलांच्या पायांतील दोष आणि मधुमेही जखमांची निगा हे विषय येतात. स्थानिक भूल देऊन मांसात घुसलेले नख काढणे आणि ते पुन्हा तसेच वाढू नये म्हणून नखाच्या मुळाशी फिनॉल लावणे, ही छोटी शस्त्रक्रिया विद्यार्थ्याला पदवीच्या काळातच शिकावी लागते. डॉप्लर यंत्राने पायातील रक्तप्रवाह ऐकणे, घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर काढणे, जखमेवरची मृत त्वचा पात्याने अलगद काढून टाकणे, बुटात बसणारे आधारपट्टे बेतणे, हेही त्यातच आले.

पुस्तकी अभ्यासाइतकेच महत्त्व प्रत्यक्ष रुग्णसेवेला आहे. पदवीच्या काळात सुमारे १ हजार तास रुग्णांसमवेत घालवणे अपेक्षित असते. अनेक विद्यापीठांची स्वतःची चिकित्सालये असून परिसरातील सामान्य नागरिक तेथे उपचारांसाठी येतात. शिक्षकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी त्यांच्यावर उपचार करतात. दुसऱ्याच्या पायाजवळ बसून, त्याची जखम नाक न मुरडता पाहून, त्याच्या चपलेपासून त्याच्या रक्तशर्करेपर्यंत सारे विचारणे ही सवय वर्गात लागत नाही. ती येथेच लागते.

पदवीनंतर ‘हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिल’ या नियामक संस्थेकडे नोंदणी केल्याखेरीज कोणालाही ‘पोडिॲट्रिस्ट’ किंवा जुन्या नावाने ‘किरोपोडिस्ट’ म्हणवून घेता येत नाही. तसे केल्यास तो गुन्हा ठरतो. पुढे आणखी शिक्षण घेतल्यास औषधे लिहून देण्याचा स्वतंत्र अधिकार मिळतो. कायद्यात २०१३ मध्ये झालेल्या बदलाने ही वाट मोकळी झाली. काही जण त्याहीपुढे जाऊन पावलाच्या हाडांवरील शस्त्रक्रियांचे प्रशिक्षण घेतात.

कुरूप कापणाऱ्यापासून पदवीपर्यंत

हे सारे एका दिवसात घडलेले नाही. अठराव्या शतकातील लंडनमध्ये कुरूप कापणारे लोक फिरस्त्यांसारखे गिऱ्हाइके शोधत असत. त्यांना ना शिक्षण होते, ना प्रतिष्ठा. लुईस डर्लाकर या गृहस्थांनी ही परिस्थिती बदलण्याचा प्रयत्न केला. व्हिक्टोरिया राणीच्या पायांची देखभाल करण्याची नेमणूक त्यांच्याकडे होती आणि १८४५ मध्ये त्यांनी पायांच्या विकारांवर एक ग्रंथही लिहिला. पाय दुखणाऱ्या गरिबांसाठी दवाखाना हवा, ही मागणी त्या काळातली. प्रत्यक्षात लंडनमध्ये पायांसाठीचे रुग्णालय सुरू व्हायला १९१३ साल उजाडले. पुढे १९४५ मध्ये विखुरलेल्या संघटना एकत्र आल्या. १९६० च्या कायद्याने सरकारी नोंदणीची सोय झाली. मात्र नोंदणी नसलेल्यालाही खासगीत तीच पाटी लावून बसण्याची मुभा होती. ही पळवाट बंद व्हायला एकविसावे शतक यावे लागले. नवी नोंदवही २००३ मध्ये उघडली, जुन्या व्यावसायिकांना दोन वर्षांची मुदत मिळाली आणि त्यानंतर हे नाव कायद्याने राखले गेले. तोवर पदविकेची जागा पदवीने घेतली होती. व्यावसायिकांच्या संघटनेला २०२१ मध्ये ‘रॉयल कॉलेज’ हा मान मिळाला, तेव्हा हे वर्तुळ पूर्ण झाले.

पळवाट पूर्णपणे बुजली असे मात्र नाही. ‘फूट हेल्थ प्रॅक्टिशनर’ या नावाने काम करणाऱ्यांना आजही अशा नोंदणीची सक्ती नाही. सामान्य रुग्णाला या दोन पाट्यांमधील फरक कळतोच असे नाही.

एका निर्णयाची किंमत

२०१७ पर्यंत इंग्लंडमध्ये पोडिॲट्रीच्या विद्यार्थ्याचे शुल्क आरोग्य सेवा भरत असे. शिवाय उत्पन्नानुसार निर्वाहवृत्तीही मिळे. तत्कालीन अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी २०१५ च्या अखेरीस ही व्यवस्था मोडीत काढण्याची घोषणा केली आणि ऑगस्ट २०१७ पासून परिचर्या, प्रसूतिसेवा आणि संलग्न आरोग्य विषयांच्या नव्या विद्यार्थ्यांना इतरांप्रमाणेच कर्ज काढणे भाग पडले. सरकारचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड होता. आरोग्य सेवा जितक्या जागांचे पैसे देईल तितकेच विद्यार्थी घेता येतात. ही मर्यादा उठवली की विद्यापीठे हव्या तितक्या जागा भरतील आणि २०२० पर्यंत १० हजार जादा जागा निर्माण होतील, असे सांगण्यात आले.

या हिशेबात एक गृहीतक दडलेले होते. जागा वाढल्या की विद्यार्थी आपोआप येतात, हे ते गृहीतक. वैद्यक किंवा कायदा यांच्याबाबत ते खरे ठरते. पोडिॲट्रीच्या बाबतीत ते खरे नव्हते. अठराव्या वर्षी पादचिकित्सक होण्याचे स्वप्न पाहणारा मुलगा विरळाच. हा अभ्यासक्रम निवडणाऱ्यांत वयाने मोठ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण परंपरेने अधिक राहिले आहे. एखादी नोकरी करून झालेली, मुले शाळेत जाऊ लागलेली, घरातील वृद्धाच्या आजारपणात या व्यवसायाची ओळख झालेली माणसे याकडे वळत. घराचे हप्ते आणि मुलांचा खर्च सांभाळणाऱ्या अशा माणसाला वर्षाला ९,२५० पौंडांचे शुल्कऋण डोक्यावर घेणे सोपे नव्हते. निर्वाहवृत्ती गेली आणि नेमका हाच वर्ग मागे सरला.

कर्जाची प्रत्यक्ष झळ वाटते तेवढी नाही, असा प्रतिवाद केला जातो आणि त्यात तथ्यही आहे. २०२३ पासून प्रवेश घेतलेल्या इंग्लंडमधील विद्यार्थ्याला वार्षिक उत्पन्न २५ हजार पौंडांपुढे गेल्यावरच, त्यावरील रकमेच्या ९ टक्के इतकी परतफेड करावी लागते आणि ४० वर्षांनी उरलेले कर्ज माफ होते. आरोग्य सेवेत नव्याने लागलेल्या पोडिॲट्रिस्टचे इंग्लंडमधील मूळ वेतन २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंड होते. म्हणजे महिन्याला जेमतेम ४५ पौंडांचा हप्ता. पण कर्जाची भीती गणिताने जात नाही. तीन वर्षांचे शुल्क आणि राहण्याखाण्याचे कर्ज मिळून जो आकडा कागदावर दिसतो, तो चाळिशीतल्या माणसाला दचकवायला पुरेसा असतो. शिवाय १ हजार तास रुग्णालयांत घालवायचे असल्याने इतर विद्यार्थ्यांसारखी अर्धवेळ नोकरी करणेही अवघड जाते, ही बाब धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घेतली नाही.

चूक उमगायला फार वेळ लागला नाही. पोडिॲट्री, कृत्रिम अवयवशास्त्र यांसारखे छोटे विषय टिकवण्यासाठी विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या ‘ऑफिस फॉर स्टुडंट्स’ला खास मोहीम हाती घ्यावी लागली. सप्टेंबर २०२० पासून पात्र विद्यार्थ्यांना वर्षाला ५ हजार पौंडांचे परत न करावे लागणारे अनुदान सुरू झाले. ज्या विषयांत टंचाई आहे त्यांच्यासाठी आणखी १ हजार पौंडांची जोड देण्यात आली आणि त्यांत पोडिॲट्रीचा समावेश करावा लागला. नोकरी करता करता पदवी मिळवण्याची ‘अप्रेंटिसशिप’ची वाटही खुली झाली. त्यात शुल्काचा भार विद्यार्थ्यावर पडत नाही, उलट त्याला पगार मिळतो. २०२३ च्या जूनमध्ये जाहीर झालेल्या मनुष्यबळ आराखड्याने संलग्न आरोग्य व्यवसायांच्या प्रशिक्षणाच्या जागा २०३१-३२ पर्यंत १८,८०० वर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले. वेल्सने मात्र वेगळा मार्ग धरला. शिक्षणानंतर दोन वर्षे वेल्समध्येच काम करण्याची हमी देणाऱ्या विद्यार्थ्याचे शुल्क तेथील सरकारने भरणे चालू ठेवले. एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने थोडेथोडे परत देण्यापेक्षा हा सौदा अधिक सरळ म्हणावा लागेल.

पदवी हाती पडल्यावर विद्यार्थी आरोग्य सेवेतच राहील, याचीही शाश्वती नसते. खासगी व्यवसायात वेळ आपल्या हाती असते आणि धावपटूंचे गुडघे किंवा सुखवस्तू ज्येष्ठांची नखे यांवर उपचार करणे चिघळलेल्या जखमा रोज हाताळण्याइतके थकवणारे नसते. जो तो आपापल्या परीने योग्यच वागतो. पण ज्याला पादचिकित्सकाची सर्वाधिक गरज, तो गरीब, वृद्ध, मधुमेही रुग्ण अशा वेळी प्रतीक्षायादीत अडकतो.

जखमेपासून अंत्यविधीपर्यंत

हा प्रश्न केवळ एका छोट्या व्यवसायाच्या भरतीचा असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. मधुमेह जुना झाला की पायातील संवेदना मंदावते आणि रक्तपुरवठाही घटतो. बुटातला खडा टोचत नाही, तापलेली फरशी भाजत नाही. जखम झाल्याचे रुग्णाला कळतच नाही आणि कळते तेव्हा ती हाडापर्यंत पोचलेली असते. मधुमेहींचे पाय कापावे लागण्याच्या ८० टक्क्यांहून अधिक घटनांत आधी अशी जखम झालेली असते. त्याहून भयंकर आकडा पुढचा आहे. पाय कापावा लागलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण पुढच्या पाच वर्षांत दगावतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेनेच मार्गदर्शक सूचनांत ही माहिती दिली आहे.

म्हणूनच या संस्थेने २०१५ च्या सूचनांत प्रत्येक प्रौढ मधुमेहीच्या पायांची वर्षातून एकदा तपासणी करण्यास सांगितले. पायावर नवी जखम दिसली, तर एका कामकाजाच्या दिवसात रुग्णाला पायांच्या पथकाकडे पाठवावे आणि पुढच्या दिवसात त्याची छाननी व्हावी, असा दंडक घातला. ब्रिटनमध्ये मधुमेहाचे निदान झालेल्यांची संख्या ४० लाखांच्या पुढे आहे. हा दंडक पाळायचा तर माणसे हवीत आणि ती तीन वर्षांच्या शिक्षणाखेरीज तयार होत नाहीत. विद्यापीठातील रिकामा बाक आणि रुग्णालयातील कापलेला पाय यांचा संबंध असा आहे.

भारताचे देणे आणि भारताचे दुर्लक्ष

या शास्त्राला भारताने दिलेले योगदान फारसे कोणाला ठाऊक नसते. तमिळनाडूतील डोंगराळ भागात जन्मलेले ब्रिटिश शल्यचिकित्सक पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला काम करू लागले. कुष्ठरुग्णांच्या पायांवरील जखमा रोगामुळे पाय ‘सडल्याने’ होत नसून, वेदना न कळल्याने होणाऱ्या साध्या इजांमुळे होतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. मऊ रबराची पादत्राणे आणि जखमेवरचा भार हलका करणारे प्लास्टर यांचा वापर त्यातून पुढे आला. ब्रँड १९६६ मध्ये अमेरिकेतील कार्व्हिलच्या कुष्ठरुग्णालयात गेले आणि तेथे हे ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगात आले. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा जो धागा आज जगभरचे पादचिकित्सक संवेदना तपासण्यासाठी वापरतात, तोही कार्व्हिलच्याच संशोधनातून रूढ झाला. वेल्लोरच्या कुष्ठरुग्णांनी शिकवलेला धडा अशा रीतीने हडर्सफील्ड आणि ग्लासगोच्या वर्गांत पोचला. वेल्लोरच्या देशात मात्र त्या धड्याची पदवी झाली नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साह्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांच्या पायांची काळजी आज शल्यचिकित्सक, मधुमेहतज्ज्ञ आणि परिचारिका आपापल्या कामातून वेळ काढून घेतात. महाराष्ट्राने यात पुढाकार घेतला, हेही नमूद केले पाहिजे. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. अरुण बाळ यांनी ‘डायबेटिक फूट सोसायटी ऑफ इंडिया’च्या स्थापनेत नेतृत्व केले. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्या सहभागाने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘स्टेप बाय स्टेप’ हा प्रकल्प राबवला गेला. प्रत्येक ठिकाणाहून एक डॉक्टर आणि एक साहाय्यक अशी जोडी घेऊन तिला पायांच्या निगेचे प्रशिक्षण द्यायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे टांझानियातही याच धर्तीवर काम झाले. पण व्यक्तींच्या तळमळीवर चालणारे प्रकल्प आणि दरवर्षी ठरावीक संख्येने पदवीधर देणारी विद्यापीठे यांत अंतर आहे. एक व्यक्ती थकते तेव्हा प्रकल्प थांबतो, विद्यापीठाचे तसे होत नाही.

संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी संसदेने २०२१ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टातील व्यवसायांच्या यादीत पोडिॲट्रिस्टचे नाव आहे. कागदावर व्यवसाय अस्तित्वात आला. आता हवी आहे ती या नावामागची पदवी, त्या पदवीसाठी शिक्षक आणि जिल्हा रुग्णालयांत पद. यांपैकी एकही गोष्ट वगळली, तर उरलेल्या दोन निरर्थक ठरतील. पदाची हमी नसेल तर विद्यार्थी येणार नाहीत, हे ब्रिटनने स्वतःच्या खर्चाने दाखवून दिले आहे. तेथे तर पदे होती, नाव कायद्याने राखलेले होते, शंभर वर्षांची परंपरा होती. तरीही निर्वाहवृत्ती जाताच विद्यार्थी घटले. भारतात यांपैकी काहीच नाही.

परदेशी जाऊन हा विषय शिकावा का, हा प्रश्न काही पालक आता विचारू लागतील. अमेरिकेत तो मार्ग लांबचा आहे. आधी पदवी, मग चार वर्षांचे पोडिॲट्रिक वैद्यक आणि नंतर तीन वर्षांची रुग्णालयीन उमेदवारी. तेथील पदवीधर शल्यचिकित्सकाच्या बरोबरीने काम करतो. ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन यांचा मार्ग तुलनेने आखूड असला, तरी परदेशी विद्यार्थ्याला शुल्क कितीतरी अधिक पडते आणि ब्रिटनमधील अनुदान त्याला मिळत नाही. शिकून परतल्यावर येथे त्या पदवीला साजेसे पद मिळेलच असे नाही. म्हणजे भारताच्या पैशाने शिकलेला विद्यार्थी ब्रिटनची टंचाई भागवेल, अशीच शक्यता अधिक. परिचारिकांच्या बाबतीत हे घडून गेलेले आहे.

राजस्थानात १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा यांनी घडवलेला ‘जयपूर फूट’ जगाने डोक्यावर घेतला आणि ते योग्यच झाले. गेलेला पाय परत देण्यात भारताने अशी कीर्ती मिळवली. असलेला पाय जाऊ न देण्याची विद्या त्याहून स्वस्त असते, पण तिचे छायाचित्र निघत नाही. नायलॉनचा एक धागा, एक पाते, मऊ तळव्याची चप्पल आणि हे सारे वापरण्यास शिकलेला एक माणूस, एवढेच तिला लागते. पहिल्या तीन वस्तू बाजारात मिळतात. चौथा तयार करायला विद्यापीठच लागते.